फौजीच्या घरातली दुसरी नोकरी

जालना शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे, पण लष्कराची छावणी नाही. निजामाच्या राज्यात इथे छावणी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उठली. आज सर्वांत जवळची छावणी म्हणजे साठेक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर. जिल्ह्यातल्या एखाद्या जवानाच्या पत्नीच्या रोजच्या आयुष्यावर या अंतराचा मोठा परिणाम होतो. नवरा भरती होऊन युनिटला जातो, प्रशिक्षण संपवून लग्न करतो आणि सुट्टी संपली की परततो. पत्नी मात्र भोकरदनच्या, मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या एखाद्या गावात सासरी राहते. पोस्टिंग फिल्डला, म्हणजे सीमेवर किंवा तणावाच्या भागात असेल तर फॅमिली नेता येत नाही. पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातली छावणी मिळाली, तरी क्वार्टरसाठी नंबर लागावा लागतो. मग दोन-तीन वर्षांचं एकत्र आयुष्य मिळतं आणि पुढची बदली आली की पुन्हा गाव.

अशा घरात पैशाची चणचण असतेच असं नाही. सातव्या वेतन आयोगाने शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपये आणि लष्करी सेवा वेतन ५,२०० रुपये ठरवलं. महागाई भत्ता न धरताही वर्षाचे ३ लाख २२ हजार ८०० रुपये होतात. म्हणून सून काही शिकायचं म्हणाली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘नवऱ्याची सरकारी नोकरी आहे ना, मग तुला कशाला पाहिजे?’ प्रश्न विचारणारे दुष्ट नसतात, त्यांना तो साधा हिशोब वाटतो. पण त्या हिशोबात जवान कधी घरी परतणार हे धरलेलं नसतं. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचं म्हणणं आहे की तिन्ही दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक निवृत्त होतात आणि त्यांतले बहुतेक ३५ ते ४५ वयाचे असतात. म्हणजे मुलं सातवी-आठवीत असताना बाप निवृत्त होतो. कॉलेजची फी, बहिणीचं लग्न, घराचं बांधकाम हे सगळं त्यानंतर येतं. पेन्शन पगाराच्या जवळपास निम्मी. निवृत्तीच्या दिवशी त्या घरात दोन माणसं कामाच्या शोधात असतात. एकाच्या मागे पंधरा-वीस वर्षांची सेवा आणि पुनर्वसनाचा अभ्यासक्रम असतो. दुसरीकडे तेवढीच वर्षं घर, शेत आणि सासू-सासरे सांभाळल्याचा अनुभव असतो, पण त्याचा कागद कुठलंच कार्यालय देत नाही.

माझं म्हणणं असं, की तिच्या प्रशिक्षणाची वेळ नवऱ्याच्या नोकरीच्या काळातली आहे आणि आपली बहुतेक व्यवस्था त्या काळात तिच्याकडे पाहत नाही. पाहते ती तो निवृत्त झाल्यावर, जखमी झाल्यावर किंवा गेल्यावर.

याला इतिहास आहे. भारतात सैनिकांच्या कल्याणाची यंत्रणा पहिल्या महायुद्धाच्या जखमांतून उभी राहिली. हातपाय गमावलेल्या सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुण्याजवळ खडकीला ती आजही काम करते. १९१९ मध्ये सैनिकांसाठी मंडळ स्थापन झालं आणि त्याचंच पुढे केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होऊ लागला. शाळेत छातीवर टाचलेलं छोटं तीन पट्ट्यांचं निशाण अनेकांना आठवत असेल. हा पैसा युद्धविधवा, अपंग सैनिक आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो, आणि तो तिथेच गेला पाहिजे याबद्दल दुमत नाही. बहुतेक जिल्ह्यांत त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, जालन्यातही आहे. तिथे माजी सैनिकाची नोंद होते, विधवेला ओळखपत्र मिळतं, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे जातात. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या विधवांना व्यवसाय प्रशिक्षणासाठी एकरकमी अनुदान मिळतं. ते २० हजार होतं, २०२३ मध्ये ५० हजार झालं. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत. यांतलं काहीही सेवेत असलेल्या जवानाच्या पत्नीला ‘जवानाची पत्नी’ म्हणून मिळत नाही.

तिच्यासाठी जे आहे ते छावणीत आहे. आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, जिला फौजी घरांत सगळे ‘आवा’ म्हणतात, १९६६ मध्ये नोंदली गेली. युनिटच्या आणि स्टेशनच्या पातळीवर तिच्या कल्याण केंद्रांत शिवणकाम, ब्यूटी पार्लर, बेकरी, संगणक असे वर्ग चालतात. नवऱ्याबरोबर दोन वर्षं छावणीत राहिलेल्या अनेक जणींनी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर काही शिकलं ते इथेच. गावात जिने कधी एकटीने बँकेत पाऊल ठेवलं नव्हतं, ती इथे पंजाबी, तमिळ, गढवाली शेजारणींसोबत हिंदीत व्यवहार करायला शिकते, कँटीनची यादी करते, मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांशी बोलते. हे शिक्षण कुठल्या प्रमाणपत्रात बसत नाही, पण मी त्याला फार मोल देतो. अडचण नंतर येते. बदली झाली की कोर्स अर्धवट राहतो. पूर्ण झाला तरी कल्याण केंद्राचा दाखला जालन्यातल्या नोकरीच्या अर्जाला जोडून फारसा उपयोग होत नाही, कारण अर्जात मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मागितलेलं असतं.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तिथे सैनिकाचं कुटुंब त्याच्याबरोबर दर दोन-तीन वर्षांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलतं. एका राज्याचा परिचारिकेचा किंवा शिक्षिकेचा परवाना दुसऱ्या राज्यात अनेकदा चालत नसे. सैनिकांच्या जोडीदारांमधली बेरोजगारी वर्षानुवर्षं वीस टक्क्यांच्या वर राहिली. त्यावर संरक्षण खात्याने ‘मायका’ नावाची योजना काढली. खालच्या आणि मधल्या हुद्द्यांवरील सेवारत सैनिकांच्या जोडीदाराला परवाना, प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांच्या पदविकेसाठी चार हजार डॉलरपर्यंत फी मिळते. आपल्या वाचकाने यातून घेण्यासारखी गोष्ट रकमेची नाही. ही मदत सैनिक सेवेत असताना आणि त्याच्या जोडीदाराच्या नावाने मिळते, हे महत्त्वाचं. बाकी त्यांची गरज आणि आपली गरज उलट्या आहेत. तिथली बायको फिरत असते म्हणून तिची नोकरी सुटते. जालन्यातली गावातच असते, म्हणून तिच्यापर्यंत छावणीतला वर्ग पोचत नाही.

म्हणून तिने शिकायचं काय, हे तिच्या पुढच्या दहा वर्षांच्या मुक्कामावर ठरतं. फौजी माणसाच्या काळ्या ट्रंकेसारखं कुठेही उचलून नेता येईल असं एक कौशल्य असतं, आणि गावाशीच बांधलेलं दुसरं असतं. नवऱ्याबरोबर फिरण्याची शक्यता असेल तर पहिलं, सासरीच राहायचं ठरलं असेल तर दुसरं. घाईत हे दोन्ही मिसळले जातात आणि शिवणयंत्र घेऊन विषय संपतो.

गावाशी बांधलेल्या कामांत दोन सर्वांना माहीत आहेत. अंगणवाडी सेविकेसाठी बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी असणं लागतं. वय १८ ते ३५, विधवेला ४० पर्यंत सवलत. आशा स्वयंसेविका योजना २००५ मध्ये आली आणि तिथेही गावची रहिवासी असणं हीच पहिली अट आहे. प्रशिक्षण निवडीनंतर सरकारच देतं. जवानाची पत्नी गावात टिकून राहणारी, बहुतेकदा थोडी शिकलेली, म्हणून या दोन्ही कामांना ती अगदी योग्य. मात्र उद्या फॅमिली क्वार्टर मिळालं तर हे काम सोडावं लागतं आणि परत आल्यावर जागा भरलेली असते. अर्ज करण्याआधी नवरा-बायकोने फोनवर नीट बोलून घ्यावं असा हा विषय आहे.

तिसरं काम जालन्याचं स्वतःचं म्हणावं असं आहे. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली. त्याआधी इथला शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचा. बाजार दारात आल्यावर तुतीची लागवड वाढली आणि त्यासोबत घरातल्या बाईचं काम वाढलं. हे काम जवळून पाहिलं की कळतं, यात ताकदीपेक्षा नजर आणि वेळ किती लागतो. अळ्यांना सुरुवातीचे दिवस वाढवणाऱ्या चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या बाळअळ्या आणायच्या. नंतरच्या साधारण तीन आठवड्यांत त्या आणखी दोनदा कात टाकतात. कात टाकताना त्या खात नाहीत, डोकं वर करून निश्चल बसतात. तेव्हा पाला टाकला तर वाया जातो आणि खालची ओल वाढून रोग येतो. शेवटच्या अवस्थेत त्यांची भूक सुटते. संपूर्ण आयुष्यात जेवढा पाला खायचा त्याचा चार पंचमांशाहून जास्त त्या याच आठवड्यात खातात, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत फांद्या कापून आणाव्या लागतात. संगोपनगृहात तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवायचं, दारा-खिडक्यांना जाळी लावून उझी माशी आत येऊ द्यायची नाही. अळी पिवळसर, पारदर्शक दिसू लागली की चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर सोडायची. चार-पाच दिवसांत कोष पक्का होतो. शंभर अंडीपुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष आले तर ती बॅच चांगली म्हणायची. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. शेती आणि जोडधंद्यांचं प्रशिक्षण घ्यायला शेतकरी तिथे जातात. अळी कधी कात टाकते हे पुस्तकात वाचून येत नाही, बघून येतं, म्हणून शिकणारीने एक संपूर्ण बॅच दुसऱ्याच्या शेडमध्ये हाताखाली करावी, हा माझा आग्रह.

इथेही एक कुलूप आहे. तुती लागवडीला रोजगार हमीतून मदत मिळते, पण ती जमीनधारकाला. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, जॉबकार्ड कुटुंबाचं, बँक खातं दिराचं. काम सून करते आणि रक्कम दुसऱ्याच्या नावाने जमा होते. जवान सुट्टीवर आला की या विषयावर घरात सगळ्यांसमोर बोलणं त्याच्याकडून अपेक्षित आहे. तिच्यापेक्षा त्याचं म्हणणं लवकर ऐकलं जाईल.

ट्रंकेत मावणाऱ्या कौशल्यांची यादी मी करत नाही, एकाच मुद्द्यावर थांबतो. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या आसपास आणि स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा शाळेत असलेल्या मुली आज तिशीत येत आहेत आणि त्यांच्यात दहावी-बारावीला शाळा सुटलेल्या पुष्कळ आहेत. बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांचं दार बारावीच्या निकालाशी आहे. म्हणून तिचं खरं पहिलं प्रशिक्षण म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी हा फॉर्म भरतात. दोन मुलांची आई धाकट्या नणंदेच्या पुस्तकांतून अभ्यास करून परीक्षेला बसते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि घरातल्यांनी ती लाज तिच्यावर लादू नये.

त्यानंतर एमएस-सीआयटी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा दोन-तीन महिन्यांचा कोर्स तालुक्याच्या गावी असतोच आणि सरकारी कारकुनी नोकरीत तो मागितला जातो. त्याला शासकीय टंकलेखनाची जोड दिली तर सेवा केंद्र, पतसंस्था, शाळेचं कार्यालय, रुग्णालयाचा नोंदणी कक्ष अशा जागा खुल्या होतात. बदली झाली तरी हे हातातलं काम तिच्याबरोबर जातं. आयटीआयमध्ये शिवण तंत्रज्ञान, सौंदर्य प्रसाधन, संगणक चालक असे एका वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, जागांत स्त्रियांचा ३० टक्के वाटा आहे, आणि तिथलं राष्ट्रीय प्रमाणपत्र पंजाबात असो की आसामात, देशभर चालतं. परिचारिकेचं शिक्षण सर्वांत भक्कम, पण तिथे नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. महाराष्ट्राची नोंदणी दुसऱ्या राज्यात नेताना ना-हरकत आणि नवी नोंदणी हा फेरा करावा लागतो. अमेरिकेतल्या सैनिकपत्नीचं दुखणं इथे आपल्यालाही भेटतं.

आता मोफत प्रशिक्षणाबद्दल. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, प्रत्येक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून चालवल्या जातात. मूळ नमुना कर्नाटकातल्या उजिरेचा, १९८२ चा. धर्मस्थळच्या न्यासाने दोन बँकांना घेऊन तो उभारला. राहणं, जेवण, शिकवणं सारं फुकट, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा, ही त्याची खरी ताकद. पण बहुसंख्य जागा गरीब ग्रामीण कुटुंबांसाठी राखलेल्या असतात. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनाही गरीब घरांसाठीच, तिथे स्त्रियांना ४५ वर्षांपर्यंत संधी आहे. जवानाचा पगार वर मांडलेल्या हिशोबाने दारिद्र्याच्या कुठल्याच यादीत बसत नाही. एका बाजूला विधवा नाही म्हणून सैनिक कल्याणाचं अनुदान नाही, दुसऱ्या बाजूला गरीब नाही म्हणून ग्रामीण योजनेत जागा नाही. या मधल्या फटीत ती बसते. यावर एक वाट अशी, की ती ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटाची सभासद असेल तर आरसेटीकडे जाण्याचा रस्ता मोकळा होतो. जवानांच्या घरांत बचत गटाला कमी लेखतात. तसं करू नये.

उत्पन्नाच्या भानगडीत न अडकणारी एक योजना २०२४ मध्ये आली. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराला सरकारी कार्यालयात किंवा खासगी आस्थापनेत प्रत्यक्ष काम शिकता येतं. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, पुढे अकरा झाली. कायम नोकरीची हमी यात नाही, हे आधीच सांगून टाकलं पाहिजे. पण जिने कधी हजेरीपटावर सही केली नाही, तिच्यासाठी पंचायत समितीत किंवा बियाणे कंपनीच्या कार्यालयात अकरा महिने टेबलावर बसणं हा पहिला अनुभव ठरतो, आणि पुढच्या मुलाखतीत ‘आधी कुठे काम केलंय?’ याला उत्तर मिळतं.

कागदांचा विषय रटाळ, तरी त्यावर जरा रेंगाळायला हवं, कारण इथे अनेक अर्ज पडतात. जवानाचं लग्न झालं की ते युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध व्हावं लागतं, तेव्हाच रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी ती त्याची पत्नी होते. त्या नोंदीत तिचं नाव सासरचं असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. आधारवर एखाद वेळी दोहोंच्या मधलंच काही. ‘मीरा’ची ‘मिराबाई’ झालेली असते, जन्मतारखेत जून-जुलैचा फरक असतो. अशी तफावत प्रवेशाच्या दिवशी निघाली तर सुधारायला महिने जातात, आणि लष्कराच्या नोंदीतली दुरुस्ती जवानालाच युनिटमधून करून घ्यावी लागते. त्याच्या एका सुट्टीतला एक दिवस यासाठी ठेवावा: गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक, लग्नाचा दाखला आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवायचं. नावात बदल असेल तर राजपत्रात तो आधीच छापून घ्यायचा.

सैनिकपत्नीच्या प्रशिक्षणाचं नाव काढलं की आपल्याकडे साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांची आठवण निघते. पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले, आणि वयाची अट शिथिल करून घेऊन, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतलं खडतर प्रशिक्षण पूर्ण करून, सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडच्या मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे याच वाटेने २०२० मध्ये अधिकारी झाल्या. या स्त्रियांबद्दल मनात अतोनात आदर आहे. पण त्यांची वाट पदवीधरांची, तीही सर्वस्व गमावल्यानंतरची. मंठ्याच्या बारावी पास नाईकाच्या बायकोला त्यांच्या फोटोबरोबर एक जवळचं, साधं दारही दिसायला हवं.

ते दार उघडायला फार मोठं काही लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद असते. तिथेच सेवारत जवानांच्या पत्नींची एक स्वतंत्र नोंदवही ठेवता येईल: शिक्षण, वय, तालुका, पुढच्या दोन वर्षांत गावात राहणार की नाही. त्या नोंदींवरून आरसेटीला जालना, अंबड किंवा परतूरला वर्षातून एखादी तुकडी खास त्यांच्यासाठी घेता येईल. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्गात धरतात, म्हणजे नोकरी लागलेल्या बाईची अडचण शासनाने ओळखली आहे. नोकरी लागण्याआधीची ओळखायची राहिली आहे.

आणि आता वेळही कमी आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अविवाहित तरुण चार वर्षांसाठी भरती होतात, त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन परततात. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. २०२२-२३ मध्ये भरती झालेल्यांची चार वर्षं भरत आली की घरोघरी स्थळं पाहिली जातील. त्यांतल्या परतणाऱ्याशी लग्न करणाऱ्या मुलीच्या वाट्याला ना छावणीतलं कल्याण केंद्र येणार, ना सैनिक कल्याण कार्यालयाची खिडकी. तिने बारावीनंतरचं आयटीआयचं एक वर्ष माहेरी असतानाच पूर्ण करावं, आणि मुलीच्या बापाने हळद लागण्याआधी ते होऊ द्यावं.